राष्ट्रवाद, पॉप्युलिझम, फॅसिझम : 'ही' आणि 'च' मधलं अंतर

या वेळचे प्रश्न तीन शब्दांभोवतीचे आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. काही प्रश्नांना चार ओळी पुरतात, एकाला पानभर जागा लागली.

प्रश्न : निवडणुकीच्या तोंडावर सवलती, अनुदानं जाहीर झाली की वर्तमानपत्रं 'लोकानुनयी निर्णय' म्हणतात. जगभरच्या काही नेत्यांनाही हाच शब्द लावतात. मग सवलती वाटणं म्हणजेच पॉप्युलिझम का?

उत्तर : नाही. आणि हा घोटाळा बराचसा आपल्या मराठी शब्दानंच केलेला आहे. अनुनय म्हणजे मनधरणी. त्यामुळे 'लोकानुनय' म्हटलं की मतांसाठी तिजोरी मोकळी करणारा पुढारी डोळ्यांपुढे येतो. अर्थसंकल्पावरच्या अग्रलेखात तो अर्थ चालून जातो. राज्यशास्त्रात मात्र पॉप्युलिझम हे खर्चाचं धोरण नाही, समाजाची एक मांडणी आहे : एका बाजूला साधे, सच्चे, एकजीव 'लोक', दुसऱ्या बाजूला त्यांना लुबाडणारे मूठभर प्रस्थापित, आणि या लोकांच्या वतीनं बोलण्याचा हक्क फक्त आमचा. यातला शेवटचा तुकडा कळीचा. प्रस्थापितांवर तोंडसुख तर प्रत्येक विरोधी पक्ष घेतो. 'आम्हीही लोकांचे प्रतिनिधी' असं म्हणणारा साधा राजकारणी, 'आम्हीच लोक' म्हणणारा पॉप्युलिस्ट. मराठीत हा फरक एका अक्षरात मावतो, हे आपलं नशीब.

सवलतींचा आणि या मांडणीचा संबंध किती सैल आहे ते दोन उदाहरणांत दिसतं. चॅन्सेलर (म्हणजे पंतप्रधान) बिस्मार्कनं जर्मनीत १८८३ मध्ये आजारपणाचा विमा, १८८४ मध्ये अपघात विमा आणि १८८९ मध्ये वृद्धापकाळाचं निवृत्तिवेतन आणलं. त्या काळात इतकं कुणी दिलेलं नव्हतं, पण बिस्मार्कला कुणी पॉप्युलिस्ट म्हणणार नाही. तो राजाचा माणूस होता आणि हे सगळं समाजवाद्यांचा पाया काढून घेण्यासाठी होतं. उलट पेरूमध्ये आल्बेर्तो फुजिमोरी १९९० मध्ये प्रस्थापितांविरुद्धचा साधा माणूस म्हणून निवडून आला आणि ऑगस्टमध्येच त्यानं अनुदानं काढून घेतली. इंधनाचे भाव एका रात्रीत कित्येक पटींनी चढले. ५ एप्रिल १९९२ रोजी लष्कराच्या मदतीनं त्यानं संसदही बरखास्त केली. दिलं काहीच नाही, पण लोक आपल्यामागे आहेत आणि संसद म्हणजे भ्रष्टांचा अड्डा, ही भाषा अस्सल पॉप्युलिस्ट होती.

एक गोष्ट जाता जाता. हा शब्द जन्माला आला तेव्हा शिवी नव्हता. अमेरिकेतल्या कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांच्या 'पीपल्स पार्टी'चे कार्यकर्ते स्वतःला अभिमानानं पॉप्युलिस्ट म्हणवून घेत. १८९२ च्या जुलैत ओमाहा इथे मंजूर झालेल्या त्यांच्या जाहीरनाम्यात चढत्या दरानं आयकर, सिनेटरांची थेट निवडणूक आणि रेल्वेची सरकारी मालकी अशा मागण्या होत्या. त्या वर्षी त्यांच्या उमेदवाराला दहा लाखांहून जास्त मतं पडली. पक्ष संपला, पण आयकर आणि सिनेटची थेट निवडणूक या दोन्ही गोष्टी १९१३ मध्ये अमेरिकी घटनेत आल्या. पुढच्या उत्तरांत घोळ नको म्हणून 'पॉप्युलिझम' हाच शब्द ठेवला आहे.

प्रश्न : राष्ट्रवाद ही फॅसिझमची पहिली पायरी असं वारंवार वाचतो. मग स्वातंत्र्यासाठी लढलेले सगळे राष्ट्रवादी कुठे बसवायचे?

उत्तर : पायरीची उपमाच चुकीची आहे. पायरी म्हटली की पुढची पायरी आलीच. राष्ट्रवाद ही फार मोठी जागा आहे. तिच्यात लोकशाहीवालेही राहतात आणि फॅसिस्टही.

मुळात राष्ट्रवाद आणि लोकशाही जुळ्या बहिणींसारख्या वाढल्या. ऑगस्ट १७८९ मधल्या फ्रेंच हक्कनाम्यानं सार्वभौमत्व राजाकडून काढून राष्ट्राकडे दिलं. 'राज्य कुणाचं' याला 'इथल्या लोकांचं' हे उत्तर मिळालं आणि लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला : हे लोक म्हणजे नेमके कोण? या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर राष्ट्रवादाची जात ठरते. १८८२ मध्ये सोरबॉन विद्यापीठातल्या व्याख्यानात फ्रेंच विचारवंत अर्नेस्ट रनाँ यानं वंश, भाषा, धर्म, भूगोल अशी एकेक कसोटी तपासून बाजूला ठेवली आणि राष्ट्र म्हणजे एकत्र राहण्याची रोज नव्यानं दिलेली संमती असं सांगितलं. दुसरं टोक बघायचं तर १९३५ चे न्यूरेंबर्ग कायदे बघा. ज्याचे तीन किंवा चार आजी-आजोबा ज्यू, तो ज्यू. आणि ज्यू माणूस जर्मन राज्याचा नागरिक होऊ शकत नाही. त्यानं पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी पाय गमावलेला असला तरी या हिशोबात फरक पडत नव्हता. आजोबा बदलता येत नाहीत, म्हणजे आत यायला दारच नाही.

राष्ट्रवादी विरुद्ध राष्ट्रवादी हा सामना जर्मनीपुढे हरलेल्या १९४० च्या फ्रान्समध्ये सर्वांत स्वच्छ दिसतो. मार्शल पेताँ 'श्रम, कुटुंब, पितृभूमी' हे ब्रीद घेऊन जर्मनांशी हातमिळवणी करत होता. जनरल द गॉल १८ जूनला लंडनहून रेडिओवर लढा चालू ठेवा म्हणून सांगत होता. दोघांच्या तोंडी फ्रान्सच होता. ऑगस्टमध्ये पेताँच्या राजवटीच्या लष्करी न्यायालयानं द गॉलला गैरहजेरीत देहदंड ठोठावला. नॉर्वेत नाझींना सामील झालेल्या क्विस्लिंगच्या पक्षाचं नाव 'राष्ट्रीय एकता' होतं, आणि त्याच्याविरुद्ध लढलेले लोकही राष्ट्रासाठीच लढत होते.

तेव्हा राष्ट्रवादाला तीन प्रश्न विचारावेत. सभासदत्व कशावर ठरतं? बाहेरच्याला आत येण्याची वाट आहे का? आणि राष्ट्राचं नाव घेतलं की कायदा थांबतो का? फॅसिस्ट राष्ट्रवादात तिसऱ्याचं उत्तर नेहमीच 'हो' असतं. पहिल्या दोनांच्या बाबतीत त्यांच्यातही फरक होते. इटलीत वांशिक कायदे १९३८ मध्ये आले; तोवर मुसोलिनीच्या पक्षात ज्यू सभासद होते.

प्रश्न : लष्करशाही आणि फॅसिझम यांत नेमका फरक काय? स्पेनचा हुकूमशहा फ्रँको फॅसिस्ट होता का?

उत्तर : लष्करशहाला लोक गुपचूप घरी बसलेले हवे असतात. फॅसिस्टाला ते मैदानात, रांगेत, गणवेशात हवे असतात.

शब्दापासून सुरुवात करू. इटालियन 'फाशो' म्हणजे जुडी. प्राचीन रोममध्ये अधिकाऱ्यापुढे चालणारे सेवक काठ्यांची मोळी आणि तिच्यात बांधलेली कुऱ्हाड घेऊन चालत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिसिलीतले डावे शेतकरी-कामगार आपल्या संघटनेला हाच शब्द वापरत, म्हणजे शब्दाचा कल तेव्हा ठरलेला नव्हता. २३ मार्च १९१९ रोजी मिलानमध्ये मुसोलिनीनं माजी सैनिक, बंडखोर समाजवादी आणि काही कलावंत जमवून नवी चळवळ उभी केली, तेव्हापासून तो त्यांचा झाला.

फॅसिझम ओळखायचा तर चार भाग एकत्र दिसायला हवेत. राष्ट्राचा अधःपात झाला असून त्याचा पुनर्जन्म घडवायचा आहे ही कल्पना. एका नेत्याभोवती बांधलेली मोठी, शिस्तबद्ध चळवळ. हिंसेकडे केवळ साधन म्हणून नव्हे, पौरुषाचा आणि शुद्धीचा मार्ग म्हणून पाहणं. आणि सत्ता हाती आल्यावर कामगार संघटनेपासून तरुणांच्या क्रीडामंडळापर्यंत सगळं राज्याच्या पोटात घालणं. यातला तिसरा भाग लोक सर्वांत जास्त विसरतात, म्हणून जरा तपशिलात. १९२०-२२ मध्ये पो नदीच्या खोऱ्यात फॅसिस्टांच्या काळ्या सदऱ्यांतल्या टोळ्या मालमोटारींतून यायच्या, शेतमजुरांच्या संघाचं कार्यालय, सहकारी भांडार, समाजवाद्यांचं छापखाना-वाचनालय जाळायच्या, पुढाऱ्याला लाठ्यांनी झोडपून वर जबरदस्तीनं एरंडेल पाजायच्या. एरंडेल हे वाचताना हसू येतं, तो हिशोबही त्यात होताच : माणूस गावासमोर अपमानित झाला की पुन्हा सभेला उभा राहत नाही. बडे जमीनदार पैसा पुरवत आणि पोलीस दुसरीकडे बघत.

फ्रँको हा सेनापती. स्पेनमधला खरा फॅसिस्ट पक्ष म्हणजे १९३३ मध्ये निघालेला फालांज. फ्रँकोनं एप्रिल १९३७ मध्ये एका हुकमानं तो राजेशाहीवादी कार्लिस्टांशी जोडला आणि स्वतः त्याचा प्रमुख झाला. पक्ष उरला, पण नोकर म्हणून. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार यानं तर १९३४ मध्ये आपल्याकडच्या निळ्या सदऱ्यांच्या फॅसिस्टांवर बंदीच घातली. गर्दी आणि घोषणा त्याला परवडत नव्हत्या. रुमानियात जानेवारी १९४१ मध्ये हुकूमशहा अंतोनेस्कूनं लष्कर घालून तिथल्या 'लीजन' या फॅसिस्ट चळवळीला चिरडलं आणि हिटलरनं पाठिंबा दिला तो अंतोनेस्कूला. म्हणून फ्रँकोची राजवट ही फॅसिस्टांना गिळून बसलेली लष्करी हुकूमशाही म्हणणं जास्त नेमकं. लेबल बदलल्यानं तिथल्या कबरी कमी होत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : 'हिटलरही निवडूनच आला होता' हे वाक्य नेहमी ऐकतो. आकडे काय सांगतात? आणि मुसोलिनीचं काय?

उत्तर : आकडे सांगतात की निवडणुकीनं दोघांना दारापर्यंत आणलं, दार आतल्या माणसांनी उघडलं.

मुसोलिनीचं आधी घेऊ. नोव्हेंबर १९१९ च्या निवडणुकीत त्याच्या यादीला मिलानमध्ये पाच हजारसुद्धा मतं पडली नाहीत आणि एकही जागा मिळाली नाही. मे १९२१ मध्ये ३५ जागा मिळाल्या त्या उदारमतवादी पंतप्रधान जोलिती यानं आपल्या आघाडीत घेतलं म्हणून. समाजवाद्यांना वेसण घालायला ही पोरं उपयोगी पडतील आणि संसदेत आली की माणसाळतील, असा जोलितीचा अंदाज. ऑक्टोबर १९२२ च्या शेवटी फॅसिस्टांचा रोमवरचा मोर्चा निघाला तेव्हा पंतप्रधान फाक्ताच्या सरकारनं लष्करी कायद्याचा हुकूम तयार ठेवला होता. २८ तारखेला राजा व्हिक्टर इमॅन्युएलनं सही करायला नकार दिला. पावसात भिजलेले, अर्धवट हत्यारांचे मोर्चेकरी शहराबाहेर थांबलेले होते आणि मुसोलिनी मिलानहून रात्रीच्या गाडीत झोपून आला. मुसोलिनीखेरीज मंत्रिमंडळात तीनच फॅसिस्ट. बाकी जुन्या पक्षांची मंडळी आणि सेनानी. ज्या सभागृहात फॅसिस्टांच्या ३५ जागा होत्या, त्या सभागृहानं त्याच्यावर ३०६ विरुद्ध ११६ मतांनी विश्वास ठेवला.

पुढचा टप्पा कायद्याचा. नोव्हेंबर १९२३ चा आचेर्बो कायदा : ज्या यादीला सर्वांत जास्त आणि किमान २५ टक्के मतं, तिला दोन तृतीयांश जागा. ६ एप्रिल १९२४ ला टोळ्यांच्या दहशतीत मतदान झालं. समाजवादी खासदार जाकोमो मात्तेओत्ती यानं ३० मे रोजी सभागृहात या निवडणुकीतल्या गैरप्रकारांचा पाढा वाचला. १० जूनला त्याला भर दिवसा मोटारीत कोंबून नेलं आणि ठार मारलं. विरोधकांनी निषेध म्हणून सभागृह सोडलं, ही त्यांची मोठी चूक. राजा हलेल अशी त्यांची आशा होती, तो हलला नाही, आणि व्यासपीठ मात्र मोकळं झालं. ३ जानेवारी १९२५ ला मुसोलिनीनं सगळी जबाबदारी स्वतःवर घेऊन आव्हान दिलं. नोव्हेंबर १९२६ मध्ये बाकीचे पक्ष बंद झाले. म्हणजे सत्ता हाती आल्यापासून हुकूमशाही पक्की व्हायला चार वर्षं लागली. या चार वर्षांत थांबवण्याच्या संधी बऱ्याच होत्या.

जर्मनीत हेच काम महिन्यांत झालं. नाझींची मतं : १९२८ मध्ये २.६ टक्के, सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ टक्के, जुलै १९३२ मध्ये ३७ टक्क्यांच्या थोडं वर. मधे काय झालं तर महामंदी. पण नोव्हेंबर १९३२ मध्ये ते ३३.१ टक्क्यांवर घसरले, जागा २३० वरून १९६ झाल्या, पक्षाची तिजोरी रिकामी होती. नेमकं याच वेळी माजी चॅन्सेलर पापेन आणि राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या भोवतीच्या मंडळींनी ठरवलं की हिटलरला चॅन्सेलर करावं आणि आपण लगाम धरावा. ३० जानेवारी १९३३ च्या मंत्रिमंडळात हिटलर धरून तीनच नाझी होते. पण त्या तिघांपैकी गोअरिंगच्या हाती देशातल्या सर्वांत मोठ्या राज्याचं, प्रशियाचं, पोलीस खातं आलं. लगाम धरणाऱ्यांनी खुर्च्या मोजल्या, पोलीस मोजले नाहीत.

२७ फेब्रुवारीला संसदभवन जळालं, दुसऱ्या दिवशी हुकमानं नागरी हक्क स्थगित झाले. ५ मार्चला पोलीस, तुरुंग आणि रस्त्यावरच्या दहशतीसह झालेल्या निवडणुकीतसुद्धा नाझींना ४३.९ टक्केच मतं पडली. खुल्या, बहुपक्षीय निवडणुकीत बहुमत त्यांना कधीच मिळालं नाही. २३ मार्चला संसदेविना कायदे करण्याची मुभा सरकारला देणारा सर्वाधिकार कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी मंजूर झाला. विरोधात गेले ते फक्त सोशल डेमोक्रॅट, म्हणजे संसदीय मार्गानं जाणारे समाजवादी. कम्युनिस्ट खासदार कोठडीत किंवा भूमिगत. कॅथलिक सेंटर पक्षानं तोंडी आश्वासनांवर होकार दिला. १४ जुलैला दुसरा पक्ष काढणं गुन्हा ठरलं.

तेव्हा त्या वाक्याची दुरुस्ती अशी : हिटलर सर्वांत मोठ्या पक्षाचा नेता म्हणून, घसरणीच्या वाटेवर असताना, नेमला गेला.

प्रश्न : मग पॉप्युलिझम म्हणजे फॅसिझमची सौम्य आवृत्ती का?

उत्तर : भाषा सख्खी, व्यवहार वेगळा. आपणच लोक, विरोधक म्हणजे लोकांचे शत्रू, आणि नेता म्हणजे लोकांचा आवाज, इथवर दोघं एका सुरात बोलतात. फाटा फुटतो तो मतपेटीपाशी. पॉप्युलिस्टाला ती लागते, कारण लोक आपल्यामागे आहेत हा त्याचा दावा तिथेच सिद्ध होतो. तो तिची मोडतोड करेल, विरोधकाला छळेल, पण ती फेकून देणार नाही. फॅसिस्टाला लोकांची इच्छा आधीच ठाऊक असते, मोजायचं कशाला?

या सीमेवर उभा असलेला माणूस म्हणजे अर्जेंटिनाचा हुआन पेरॉन. १९३९ ते १९४१ या काळात तो लष्करी अधिकारी म्हणून इटलीत होता आणि मुसोलिनीची राजवट त्यानं कौतुकानं पाहिली. १९४३ च्या लष्करी बंडातून तो वर आला. म्हणजे फॅसिझमचा कच्चा माल सगळा हाताशी होता. पण १९४५ मध्ये जगात ते दुकान बंद झालं होतं. १९४६ ची निवडणूक त्यानं लढवून जिंकली. १९४७ मध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला. त्याच वेळी विरोधी पक्षनेता रिकार्दो बालबिनला तुरुंगात टाकलं, १९५१ मध्ये 'ला प्रेन्सा' हे दैनिक ताब्यात घेतलं, आणि १९४९ च्या घटनेनं त्याला पुन्हा उभं राहण्याची मुभा दिली. म्हणजे लोकशाही वाकवली, पण मोडली नाही. सप्टेंबर १९५५ मध्ये तिला मोडलं ते त्याच्या विरोधकांनी, लष्करी बंडानं. त्याआधी जूनमध्ये नौदलाच्या विमानांनी राजधानीच्या मुख्य चौकात बॉम्ब टाकून ३०० हून जास्त माणसं मारली होती. 'पॉप्युलिझमला आवर घालणारे म्हणजे लोकशाहीवादी' असं गृहीत धरणाऱ्यांनी हे पान जरूर वाचावं.

उलटा प्रवास अशक्य मात्र नाही. निवडणूक हरल्यावर 'लोक हरूच शकत नाहीत, म्हणजे मोजणीच खोटी' असं पॉप्युलिस्ट म्हणू लागला आणि ते पटवायला टोळ्या रस्त्यावर उतरल्या, तर तो फाट्यापाशी परत आला असं समजा.

प्रश्न : डावा आणि उजवा पॉप्युलिझम यांत फरक काय?

उत्तर : डाव्याचं भांडण वरच्यांशी असतं : बँका, सावकार, जमीनदार. उजवा वरच्यांशी भांडताना एक तिसरा आणतो, बहुधा स्थलांतरित किंवा अल्पसंख्य, आणि वरचे या तिसऱ्याचे लाड करतात असं सांगतो. पॉप्युलिझम स्वतः पातळ असल्यानं त्याला दुसऱ्या विचाराचा आधार लागतोच. उजवीकडे तो आधार बहुतेक वेळा राष्ट्रवादाचा असतो. म्हणून हे दोन शब्द इतके चिकटलेले दिसतात. ग्रीसमध्ये २०१५ मध्ये डाव्या सिरिझानं उजव्या राष्ट्रवादी 'स्वतंत्र ग्रीक' पक्षाबरोबर सरकार बनवलं; कर्ज देणाऱ्यांविरुद्धचा राग एवढाच धागा दोघांना पुरला.

प्रश्न : नाझी पक्षाच्या नावात 'समाजवादी' आहे. मग फॅसिझम डावा ठरत नाही का?

उत्तर : नाव न बघता पहिल्या वर्षात कुणाचं काय काढून घेतलं ते बघा. हिटलरनं १ मे १९३३ हा पगारी सुटीचा राष्ट्रीय श्रमदिन म्हणून साजरा केला आणि २ मेला सकाळी सगळ्या कामगार संघटनांची कार्यालयं ताब्यात घेतली. इटलीत १९१९ च्या फॅसिस्ट कार्यक्रमात आठ तासांचा दिवस, स्त्रियांना मत, युद्धातल्या नफ्याच्या ८५ टक्के हिश्शाची जप्ती असं बरंच होतं. १९२६ मध्ये संप बेकायदा ठरला. कारखाने मात्र मालकांकडेच राहिले.

प्रश्न : एखादं भाषण, जाहीरनामा किंवा नवा कायदा समोर आला तर सामान्य वाचकानं तो कसा तपासावा? गणवेश आणि सलाम तर आता कुठे दिसत नाहीत.

उत्तर : गणवेश शोधू नकाच. तो १९२० च्या दशकातल्या सैनिकी फॅशनचा भाग होता.

आधी कागद-पेन्सिल घेऊन मजकुरात 'लोक', 'जनता', 'राष्ट्र' हे शब्द जिथे कर्ता म्हणून येतात तिथे खूण करा. प्रत्येक खुणेपाशी विचारा : या वाक्यातल्या लोकांत विरोधी पक्षाचा मतदार धरलाय का? बहुतेक ठिकाणी नसेल, तर पॉप्युलिझम आहे. नंतर पराभवाविषयीचं वाक्य शोधा. निकालाआधीच 'आम्ही हरलो तर घोटाळा झाला असं समजा' असं म्हटलं असेल तर गांभीर्यानं घ्या.

कायदा असेल तर मथळा सोडून आकडे वाचा : किती मतांना किती जागा, कोणत्या वयाला निवृत्ती, कोण कुणाची नेमणूक करतो. हंगेरीत २०१० मध्ये फिदेस पक्षाच्या आघाडीला ५२.७ टक्के मतांवर ३८६ पैकी २६३ जागा मिळाल्या, दोन तृतीयांशांहून जास्त. त्या बळावर नवी राज्यघटना आणि नवा निवडणूक कायदा आला. २०१४ मध्ये मतं ४४.९ टक्क्यांवर उतरली, तरी १९९ पैकी १३३ जागा, म्हणजे जेमतेम दोन तृतीयांश, हाती राहिल्या. न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ७० वरून ६२ वर आणलं. कुणालाही बडतर्फ न करता वरची फळी रिकामी होते. युरोपीय न्यायालयानं नोव्हेंबर २०१२ मध्ये ते बेकायदा ठरवलं, पण तोवर बऱ्याच खुर्च्यांवर नवी माणसं बसली होती. याला फॅसिझम म्हणू नये. टोळ्या नव्हत्या, विरोधक निवडणूक लढवत होते. सत्ताधाऱ्यांनी मैदान तिरकं केलं, एवढं नेमकं वर्णन पुरे.

सर्वांत भरवशाची खूण मात्र हिंसेनंतरची असते. हिंसा कुठल्याही पक्षाच्या माथेफिरूंकडून होऊ शकते. पुढच्या आठवड्यात नेतृत्व काय करतं ते नोंदवा : अटक, निषेध, हकालपट्टी, की हार-तुरे आणि माफी? ऑगस्ट १९३२ मध्ये पोटेम्पा या खेड्यात नाझी टोळीनं एका कम्युनिस्ट कामगाराला त्याच्या आईच्या डोळ्यांदेखत ठार मारलं. पाच जणांना फाशीची शिक्षा झाली. हिटलरनं त्यांना तार करून आपली निष्ठा जाहीर केली. पापेन सरकारनं शिक्षा जन्मठेपेवर आणली आणि मार्च १९३३ मध्ये पाचही जण सुटले. ती तार वर्तमानपत्रांत छापून आली होती. पाच महिन्यांनी ज्यांनी त्याला चॅन्सेलर केलं त्यांनी ती वाचलेली होती.

प्रश्न : अशी चळवळ वेळेत रोखल्याची उदाहरणं आहेत का?

उत्तर : आहेत, पण पराभवांइतकी ती लिहिली जात नाहीत. फिनलंडमध्ये लापुआ चळवळीनं १९३० मध्ये कम्युनिस्टविरोधी मोर्चे काढून सरकारला झुकवलं, विरोधकांना पळवून नेलं, माजी राष्ट्राध्यक्षालासुद्धा सोडलं नाही. फेब्रुवारी १९३२ च्या अखेरीस मॅन्त्सॅला इथे सशस्त्र जमाव जमला. राष्ट्राध्यक्ष स्विनहुफ्वुद स्वतः कडवे परंपरावादी आणि याच चळवळीच्या पाठिंब्यावर निवडून आलेले. पण त्यांनी २ मार्चला रेडिओवरून सांगितलं : घरी जा, साध्या अनुयायांना शिक्षा होणार नाही, पुढाऱ्यांना होईल. लष्कर सरकारबरोबर राहिलं, जमाव पांगला, चळवळीवर बंदी आली. गंमत अशी की बंदीसाठी वापरलेला कायदा लापुआवाल्यांनीच कम्युनिस्टांसाठी करून घेतला होता.

बेल्जियममध्ये लिआँ देग्रेलच्या फॅसिस्ट वळणाच्या रेक्स पक्षाला १९३६ मध्ये २१ जागा मिळाल्या होत्या. एप्रिल १९३७ मध्ये त्यानं ब्रुसेल्समध्ये मुद्दाम पोटनिवडणूक घडवून आणली आणि स्वतः उभा राहिला. कॅथलिक, उदारमतवादी, समाजवादी, अगदी कम्युनिस्टही एका उमेदवारामागे गेले : खुद्द पंतप्रधान व्हान झीलांड. देग्रेलला २० टक्केही मतं पडली नाहीत. कॅथलिक मतदार आपल्याकडे वळेल हा त्याचा हिशोब होता. मतदानाच्या तोंडावर बेल्जियमच्या कार्डिनलांनी त्याला जाहीर विरोध केला आणि तो हिशोब कोसळला. दोन्ही ठिकाणी निर्णायक ठरली ती शेजारची परंपरावादी फळी. इटली-जर्मनीत नेमकी तीच फुटली होती.

प्रश्न : समाजमाध्यमांवर कुणीही कुणालाही फॅसिस्ट म्हणतो. शब्द ढिला वापरल्यानं एवढं काय बिघडतं?

उत्तर : एकदा फार बिघडलं होतं. १९२८ मध्ये मॉस्कोच्या कम्युनिस्ट इंटरनॅशनलनं (जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेनं) कडवी भूमिका घेतली आणि त्यानंतर जर्मन कम्युनिस्टांसाठी सोशल डेमोक्रॅट म्हणजे 'सोशल फॅसिस्ट', म्हणजेच मुख्य शत्रू ठरले. त्यांच्या लेखी आधीचं प्रत्येक सरकारही फॅसिस्टच होतं, त्यामुळे खरा आला तेव्हा त्याच्यासाठी वेगळा शब्द उरला नाही. नोव्हेंबर १९३२ च्या संसदेत सोशल डेमोक्रॅटांच्या १२१ आणि कम्युनिस्टांच्या १०० जागा होत्या, नाझींच्या १९६. बेरीज म्हणजे युती नव्हे, हे मान्य; सोशल डेमोक्रॅटांनाही कम्युनिस्टांशी बोलायची फारशी हौस नव्हती. मॉस्कोनं ही भूमिका १९३५ च्या अधिवेशनात बदलली आणि फॅसिझमविरुद्ध सर्वांची आघाडी करा असा आदेश दिला. तेव्हा जर्मन कम्युनिस्टांचा नेता अर्न्स्ट थेलमान दोन वर्षांहून जास्त काळ नाझींच्या तुरुंगात होता. ऑगस्ट १९४४ मध्ये त्याला बुखेनवाल्डच्या छळछावणीत गोळ्या घातल्या.